दोन तोंडांची तलवार

वसईच्या आमच्या जुन्या घरात आल्तारावर एक तसबीर होती. काचेमागं मरियामाता, तिचं लालभडक हृदय छातीवर दिसणारं, आणि त्यात पंख्याच्या काड्यांसारख्या रुतलेल्या सात तलवारी. त्याच आल्ताराखाली, गोणपाटात गुंडाळलेला, आजीचा कोयता असायचा. केळीचा घड उतरवायचा, वाळकी झावळी तोडायची, नारळ फोडायचा, सगळं त्यानंच. एकदा मी विचारलं, "आजी, तिच्या तलवारी कुणी काढत का नाही?" आजी कुरुंदाच्या दगडावर पाणी शिंपडून कोयता घासत होती. मान वर न करता म्हणाली, "तू आधी तोंड बंद कर, म्हणजे एक तरी निघेल."

शास्त्रात मुळात तिच्या वाट्याला तलवार एकच आहे. तान्ह्या बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात आलेल्या मरियेला म्हातारा शिमोन सांगतो की तुझ्या जिवातूनही एक तलवार आरपार जाईल. लूकनं एवढंच लिहिलंय. पुढं भक्तांनी तिची दुःखं मोजली, ती सात भरली, म्हणून तलवारीही सात झाल्या. दुसऱ्याच्या छातीत तलवारी रोवताना माणसाचा हात सढळच असतो म्हणा. पण शिमोनाची ती तलवार कुणाच्याच हातात नाही. बायबलमधली अगदी पहिली तलवारही तशीच. आदाम-हव्वेला एदेन बागेतून काढल्यावर देवानं पूर्वेला पहाऱ्याला करूब ठेवले आणि चहूकडं गरगर फिरणारी एक ज्वालामय तलवार ठेवली. ती कुणी धरलीय असं उत्पत्तीच्या पुस्तकात म्हटलेलं नाही. ती आपली आपण फिरते.

हिब्रूत तलवारीच्या धारेला 'तोंड' म्हणतात हे पुष्कळ वर्षांनी वाचलं, तेव्हा मला आजीच आठवली. आपण तोंडाला धार देतो, हिब्रूनं धारेला तोंड दिलं. तिथली तलवार कापत नाही, खाते. शास्त्यांच्या पुस्तकातला डावखुरा एहूद हातभर लांबीची तलवार घडवतो, तिला दोन तोंडं. ती उजव्या मांडीला, कपड्यांच्या आत बांधून तो मवाबचा लठ्ठ राजा एग्लोन याच्यापुढं जातो आणि म्हणतो, तुझ्यासाठी देवाकडून एक शब्द आणलाय. हिब्रूत 'दाबार' म्हणजे शब्दही आणि वस्तूही. राजा शब्द ऐकायला आसनावरून उठतो आणि वस्तू पोटात घेतो. मुठीसकट. चरबी पात्यावर मिटते. गोष्ट क्रूर आहेच, पण सांगणारा गालात हसतोय हेही लपत नाही.

ग्रीकमध्ये लिहिणाऱ्यांनी हे तोंड टाकलं नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात देवाचं वचन ज्या तलवारीहून तीक्ष्ण ठरतं, ती मूळ शब्दात 'दोन तोंडांची' आहे. मराठीत ती 'दुधारी' झाली. चांगला शब्द, पण तोंड गेलं. आणि शेवटच्या पुस्तकात तर पात्म बेटावर योहानाला जो ख्रिस्त दिसतो, त्याच्या तोंडातूनच ती बाहेर आलेली असते. जर्मन चित्रकार ड्यूररनं 1498 मध्ये हा प्रसंग लाकडी ठशावर कोरला, तेव्हा त्यानं अलंकार वगैरे काही मानला नाही. सरळ तोंडाशी तलवार काढली.

मला मात्र सगळ्यांत जवळचं वाटतं ते शौल राजाच्या काळातलं एक किरकोळ बिल. पलिष्ट्यांनी इस्राएलात लोहारच राहू दिला नव्हता. लोहार असला तर तलवारी घडतील, ही भीती. म्हणून नांगराचा फाळ असो, कुऱ्हाड असो, धार लावायला शत्रूच्या गावी उतरायचं. दर फाळामागं एक 'पीम'. हा शब्द अख्ख्या बायबलात एकदाच येतो. 1611 च्या इंग्रजी भाषांतरकारांना तो कळेना, त्यांनी चक्क 'कानस' करून टाकली. मग उत्खननांत त्याच अक्षरांची दगडी वजनं सापडली, जेमतेम पावणेआठ ग्रॅमची, आणि कळलं की ही धार लावण्याची मजुरी आहे. सुमारे दोन तृतीयांश शेकेल चांदी. नखाएवढ्या त्या दगडात गुलामी मोजलेली आहे. लढाईच्या दिवशी शौल आणि योनाथान, या बापलेकांखेरीज कुणाकडं ना तलवार होती ना भाला.

म्हणून यशया आणि मीखा हे संदेष्टे जेव्हा तलवारींचे फाळ होतील म्हणतात, तेव्हा मला आधी भाता आणि ऐरण दिसते. लोखंड तेच, फक्त पुन्हा तापवायचं. भाल्यांची जी द्राक्षवेल छाटायची हत्यारं व्हायची आहेत, त्यांना मी मनात कोयताच म्हणतो. पण पुण्याच्या बातम्यांत 'कोयता गँग' वाचली की तिसरा संदेष्टा योएल आठवतो. त्यानं हेच वाक्य उलटं फिरवलंय: फाळ मोडा, तलवारी करा. सोव्हिएत संघानं 1959 मध्ये संयुक्त राष्ट्रांना भेट दिलेल्या पुतळ्यातला माणूसही तलवारीचा फाळ करतोय, पण त्याचा हातोडा वरच आहे. अजून.

प्रेषित पौलाच्या पत्रातली शस्त्रसामग्री आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात पुठ्ठ्याची करून घातली होती. सत्याचा कमरपट्टा, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण. हे लिहिणारा स्वतः बेड्यांत होता हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. आणि एवढ्या सगळ्यात वार करण्याजोगं एकच: तलवार, म्हणजे देवाचं वचन. पुन्हा तोंडच.

शेवटच्या भोजनानंतर शिष्य येशूला सांगतात की आपल्याकडं दोन तलवारी आहेत. तो म्हणतो, पुरे. तलवारी पुरेत की बोलणं पुरे, यावर पंडित अजून भांडतात. मराठीतला 'पुरे' दोन्ही पोटात घालतो. थोड्याच वेळात बागेत येशूला पकडायला लोक येतात, तेव्हा शिष्य पेत्र, मूळचा कोळी, तलवार उपसतो आणि प्रमुख याजकाच्या मल्ख नावाच्या दासाचा उजवा कान उडवतो. नेमका कान. येशू त्याला स्पर्श करून बरं करतो आणि तलवार म्यानात जाते. दुसरी तलवार कुणाकडं होती, तिचं काय झालं, याबद्दल चारी शुभवर्तमानं गप्प आहेत.

आजी गेल्यावर घर पाडायला काढलं. तसबीर काकांनी नेली. गल्याथाची तलवार नोबच्या याजकानं कापडात गुंडाळून ठेवली होती, तसं ते गोणपाट मी उलगडलं. कोयत्याची मूठ वाळवीनं खाल्ली होती. पातं तेवढं होतं.