फुलामागची घोंगडी

आकाशकंदिलाचा कागद एकदा दिवसा पाहावा आणि एकदा रात्री. दिवसा तो नुसता तांबडा कागद असतो. खळीचे डाग, कामट्यांचे जोड, सारे उघडे दिसते. रात्री आत दिवा लागला की तोच कागद जिवंत होतो. उजेड अंगावर पडणे वेगळे आणि अंगातून येणे वेगळे. हा फरक कळायला मला चाळिशी उलटावी लागली, आणि तो शिकवला कपाशीच्या एका फुलाने.

मी शाळामास्तर. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दोन्ही धंद्यांत बोलणे फार. म्हणूनच की काय, एक जुना कॅमेरा विकत घेतला. फोटो काढताना माणसाला गप्प राहावे लागते. 'आता हे काय नवीन?' असे घरात विचारले गेले, नाही असे नाही.

शाळेच्या फोटोला आम्हांला उन्हाकडे तोंड करून उभे करीत, आणि सगळी पलटण डोळे मिचकावीत कागदावर उतरे. फुलांचे उलटे आहे. सूर्य फुलाच्या पाठीशी हवा. मग पाकळीची शीर न् शीर दिसते, आणि जिथे एक पाकळी दुसरीवर येते तिथे रंग दाट होतो. 'फुलराणी' लिहिणारे बालकवी (१८९०–१९१८) आमच्याच धरणगावचे. किरण आणि कळी यांचे नाते त्यांना कॅमेऱ्यावाचून ठाऊक होते!

गणपतीच्या सुमारास दादाच्या शेतावर गेलो. शेत जळगावकडचे, काळ्या मातीचे. कपाशी फुलावर होती. हे फूल सकाळी उमलते तेव्हा सायीसारखे पिवळट पांढरे असते. दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि मग गळते. म्हणजे जे काय करायचे ते त्या एका सकाळीच. मी चिखलात गुडघे टेकले. भिंगावर ऊन येऊ नये म्हणून डाव्या हाताची सावली धरली. पण मागे सारे आभाळ! झगझगीत आभाळापुढे फुलाचा उजेड कोण विचारतो?

"काळं काहीतरी पाहिजे, दादा."

दादाने खांद्यावरची घोंगडी काढली आणि फुलामागे धरली. सूर्य वरून येऊ द्यायचा आणि आभाळ तेवढे झाकायचे, अशा बेताने. जवळजवळ अर्धा तास तो हात लांब करून उभा होता. निंदणीची माणसे बांधावर त्याची वाट पाहत होती.

फोटो घेऊन धुळ्याला गेलो. तिथला फोटोवाला पोरगेला, पण नजर पक्की. "सर, वर आभाळाची पट्टी राहिलीय. कडेला उजेड असला की नजर तिकडे पळते." पट्टी कापली. मी फूल मधोमध आणू म्हणालो, तर तो म्हणाला, "नको, फूल जिकडे बघतंय तिकडे मोकळी जागा ठेवा." ते पटले. मग कोपऱ्यावर बोट ठेवून त्याने विचारले, "आणि हा अंगठा?"

घोंगडीची किनार धरलेला दादाचा अंगठा होता तो.

"काप," मी म्हणालो. क्षणभरही थांबलो नाही.

परतताना चाळीसगावला गाडी बदलायची होती. तिथे स्टेशनाजवळच कैकी मूस (१९१२–१९८९) यांचे घर आहे. आज ते कलादालन म्हणून जपले आहे. हा थोर छायाचित्रकार वर्षानुवर्षे घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून त्याने अख्खी निसर्गदृश्ये उभी केली. त्या चित्रांत टेबल दिसत नाही. दिसले तर चित्र मोडेल. नसते तर चित्र झालेच नसते. फलाटावर चहा पिताना हे मनात आले आणि चहा कडू लागला.

घरी दादाने फोटो दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला. मग अहिराणीत म्हणाला, "मनी घोंगडी कोठे शे?"

मी गप्प. माझ्या पहिल्या कादंबरीत खेड्यातून शिकायला निघालेला एक मुलगा आहे. खर्ड्यात त्याला थोरला भाऊ होता. कथा रेंगाळते म्हणून तो मी काढून टाकला. प्रत्यक्षात दादा सातवीतून शाळा सोडून औताला लागला, म्हणून मी मॅट्रिक झालो. ती कादंबरी दादाने बोट ठेवून ठेवून वाचली होती. तेव्हा त्याने काही विचारले नव्हते.

मी उत्तर शोधतो आहे तोच त्याने फुलामागच्या काळोखावर बोट टेकले आणि तो हसला. "हाई काळं दिखस ना? तीच ती."

फोटो आता बैठकीत लावला आहे. न कापलेली एक प्रत, अंगठ्यासकट, माझ्या लिहिण्याच्या टेबलावर असते. फराळाला आलेले पाहुणे फोटोपाशी थांबतात आणि फुलाची तारीफ करतात. दादा आला की काळ्या भागाकडे पाहतो.

हल्ली मीही तिथेच पाहतो.