नांदगिरी चढायची राहिली होती

मक्केत जबल-ए-नूरच्या पायथ्याशी आमची बस थांबली तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते. ग्रुपमधले बहुतेक लोक साठीच्या पुढचे, त्यामुळे डोंगर चढायला उतरलो आम्ही नऊजण. अम्मीला मी आधीच सांगून ठेवलं होतं की तिने चढायचं नाही. तिच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे. हॉटेलच्या चार पायऱ्या चढतानाही ती कठड्याला धरते. तरी ती बसमधून खाली उतरली, चहाच्या टपरीबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "तू जा. मैं यहींसे देखती."

तिच्या पिशवीत कोरेगावहून आणलेल्या दशम्या होत्या. त्यातल्या दोन तिने माझ्या खिशात कोंबल्या. मी नको म्हणालो. तासाभराचा तर डोंगर, त्याला शिदोरी कशाला? पण आयांशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मी ऐकलेलं नाही.

जबल-ए-नूर म्हणजे हिराची गुहा असलेला डोंगर. हरमपासून चार-पाच किलोमीटरवर. आपल्याकडचे डोंगर बघून वाढलेल्या माणसाला तो आधी उघडा वाटतो. गवताची काडी नाही, झुडूप नाही, नुसता खडक. पायऱ्या आहेत, पण एक वीतभर उंच तर दुसरी हातभर. वाटेत ठिकठिकाणी घमेल्यात सिमेंट कालवून पायरी दुरुस्त करत बसलेली माणसं भेटतात, समोर फडकं पसरलेलं. पायरी खरंच दुरुस्त होते की रोज तीच मोडून तीच बांधली जाते, हे मला चढताना कळलं नाही आणि उतरतानाही नाही. मी प्रत्येकाला एकेक रियाल देत गेलो. खडकांवर रंगाने नावं लिहिलेली. उर्दूत, बंगालीत, तुर्कीत. मास्तर माणूस, नजर आधी शुद्धलेखनाकडे जाते. एका ठिकाणी उर्दूत स्वतःचंच नाव चुकवून ठेवलं होतं.

पायथ्याला फलक आहे. हा डोंगर चढण्याची, इथे नमाज पढण्याची किंवा दगडांना हात लावून बरकत मागण्याची आज्ञा प्रेषितांनी दिलेली नाही, अशा अर्थाचा मजकूर अनेक भाषांत लिहिला आहे. शेजारी 2023 पासून मोठं सांस्कृतिक केंद्र उभं आहे, दिव्यांनी उजळलेलं. फलक वाचून माणसं पुढे चढतात. मीही चढलो. आज्ञा नाही म्हणून बंदीही नाही, असा अर्थ मी माझ्यापुरता लावला.

गुहा म्हणजे दोन-तीन मोठ्या शिळा एकमेकींवर रेलून तयार झालेली फट. एक माणूस जेमतेम उभा राहील, दुसऱ्याने बाहेर थांबायचं. रांग होती. माझा नंबर आला तेव्हा मिळालेल्या दीड मिनिटात मला काही मोठं वाटलं नाही. पाठीमागचा माणूस खांद्याला ढकलत होता. जे वाटलं ते बाहेर आल्यावर, कड्यावर बसून दशमी खाताना. इसवी सन 610 च्या सुमारास इथे पहिला शब्द उतरला, 'इक्रा', वाच. प्रेषित तेव्हा चाळीस वर्षांचे होते. त्याआधी ते इथे येऊन रात्री काढायचे, बरोबर शिदोरी असायची, ती संपली की खाली हजरत खदीजांकडे परत जायचे, पुन्हा शिदोरी घेऊन यायचे. हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. पण ती शिदोरी कुणीतरी बांधून देत होतं, हे दशमीचा तुकडा तोंडात असताना पहिल्यांदा नीट ध्यानात आलं.

खाली आलो तेव्हा उजाडलं होतं. अम्मीचे दोन चहा झाले होते आणि टपरीवाल्याच्या मुलाबाळांची सगळी माहिती तिने काढून घेतली होती. तिने वर काय काय आहे ते विचारलं. मी सांगितलं. तिने दुआ केली, डोळे पुसले आणि बसकडे चालता चालता म्हणाली,

"हिरा चढ्या. नांदगिरी कब चढनार?"

मला हसू आलं. मग आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताइफची जियारत होती. अल-हदाचा घाट बसने चढताना ड्रायव्हरने, हा आपल्या रत्नागिरीकडचा, डोंगराच्या अंगावरून नागमोडी उतरत गेलेली एक दगडी वाट दाखवली. उंटांची जुनी वाट. 1960 च्या दशकात घाटरस्ता होईपर्यंत मक्का-ताइफची ये-जा अशाच वाटांनी चालायची. दगड नीट रचून पायऱ्या केलेल्या, उंटाच्या पावलाला बेतून. रस्त्याच्या कठड्यावर माकडं बसली होती, आपल्या वानरांपेक्षा दांडगी आणि जास्त उर्मट. मला खाली उतरून त्या वाटेने थोडं चालायचं होतं. ग्रुपचं वेळापत्रक होतं, नाही जमलं. खिडकीतून ती वाट मागे जाताना बघत होतो आणि अम्मीचा प्रश्न तसाच कानात होता.

नांदगिरी म्हणजे कल्याणगड. कोरेगावातून सातारा रोडला जाताना दिसतो. पायथ्याच्या गावाचं नाव नांदगिरी, म्हणून अम्मी आणि तिच्या माहेरची सगळी माणसं गडालाही नांदगिरीच म्हणतात. नानाअब्बा सातारा रोडला कारखान्यात कामाला होते, त्यामुळे अम्मीचं लहानपण त्या डोंगराच्या सावलीत गेलं. जुमेरातला मलिदा घेऊन वरच्या पीराकडे जायचं, हे ती सांगते. तिची एक मैत्रीण होती, मराठ्यांची. ती शनिवारी वरच्या मारुतीला तेल घेऊन जायची. एकटीला कुणाच्याच घरातून सोडत नसत, म्हणून जुमेरातला ती हिच्याबरोबर आणि शनिवारी ही तिच्याबरोबर. ऐकायला फार छान वाटतं. कार्यक्रमांतून लोक अशा गोष्टी सांगून टाळ्या घेतात. मी एकदा अम्मीला म्हणालो, बघ, केवढा हा सलोखा. ती म्हणाली, सलोखा कसला, करवंदं खायला जायचो.

मी मात्र कधी गेलो नाही. सेहेचाळीस वर्षांचा झालो, उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो, दरवर्षी 'माझा आवडता किल्ला' हा निबंध लिहून घेतो. पोरं रायगड, प्रतापगड लिहितात, गाईडमधून उतरवून. नांदगिरी आजवर एकाही वहीत आला नाही. मास्तरच गेलेले नाहीत तर पोरं काय लिहिणार?

न जाण्याचं कारण मी सगळ्यांना वेळ नाही असंच सांगत आलो. खरं कारण जुनं आहे. बी.एड.ला असताना आमची सहल एका किल्ल्यावर गेली होती. दरवाजात पोचल्यावर मुलांनी महाराजांच्या नावाची घोषणा दिली. मीही दिली. त्यात नवल नव्हतं, प्राथमिक शाळेपासून देत होतो आणि आजही शाळेच्या शिवजयंतीला पहिला आवाज माझाच असतो. पण त्या दिवशी घोषणा संपल्यावर लक्षात आलं की तिघे-चौघे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी देतो की नाही ते. एकाने पाठीवर थापही मारली, शाब्बासकीची. कुणी वाईट बोललं नाही. भांडण नाही, तंटा नाही, तक्रार करावी असं काहीच नाही. परतताना बसमध्ये त्यांनी मला शेंगदाणेही दिले. पण ती थाप पाठीवर राहिली. त्यानंतर गड म्हटलं की मी काहीतरी काम काढायचो. रागाने नव्हे. परीक्षा द्यायचा कंटाळा म्हणा हवं तर.

जानेवारीतल्या एका रविवारी फजरची नमाज पढून मी मोटारसायकल काढली. मागे नववीतली लेक. तिच्या पाठीवरच्या सॅकमध्ये अम्मीने दिलेला डबा: चपाती कुस्करून तूप-गूळ घातलेला मलिदा. थंडी चांगलीच होती. सातारा रोड ओलांडून पुढे आलं-घेवड्याची शेतं, त्यांवर धुकं. नांदगिरीत पोचलो तेव्हा घरांतून धूर निघत होता.

वाट गावातूनच वर जाते. आधी मळलेली, मग पिवळं वाळलेलं गवत, मग खडक. हिराच्या पायऱ्यांसारखी माणसांची रांग नाही, मागून कुणी ढकलत नाही. पहिल्या अर्ध्या तासात मला दोनदा बसावं लागलं. लेक पुढे जाऊन थांबायची आणि माझ्याकडे बघून न बोलता हसायची. शेळ्या घेऊन निघालेला एक म्हातारा भेटला.

"कुनीकडचं म्हनायचं पाव्हणं?"

"कोरेगावचा. शिक्षक आहे."

"आडनाव काय?"

इथे मी अडखळलो. क्षणभरच, पण लेकीने ते पाहिलं. आडनाव सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली. "मंग पीराला निगालाय. आधी गुहेत जावा. उन्हं वर आली की माशा उटत्यात. आन् चपला भाईर काडा, आत देव हाय." एवढं बोलून तो शेळ्यांवर ओरडत निघून गेला. वीस वर्षं मी ज्याची तयारी करत होतो तो पेपर असा चार वाक्यांत सुटला. अर्थात सगळीकडे असाच सुटेल असं नाही, हेही मला माहीत आहे.

पहिल्या दरवाजातून आत गेल्यावर एक वाट खाली गुहेकडे उतरते. गुहा डोंगराच्या पोटात सरळ आत गेलेली, पाण्याने भरलेली, हाताला धरायला लोखंडी कठडा. चपला काढल्या, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली. पाणी इतकं गार की पहिल्या पावलाला श्वास अडकला. छत खाली येतं तिथे वाकून जावं लागतं. मोबाईलच्या उजेडात लेक पुढे, मी मागे. आपल्याच पावलांचा पाण्यातला आवाज चारी बाजूंनी परत येत होता. टोकाला मूर्ती आहेत. डोक्यावर नागाचा फणा असलेली पार्श्वनाथांची, आणि दत्ताचीही. लेकीने विचारलं, "जैनांचा देव किल्ल्यात कसा?" मी म्हणालो, किल्ल्याच्या आधी डोंगर होता. हा गड शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या शेवटी बांधला असं मानतात. त्यानंतर तो किती हातांतून गेला, शिवाजी महाराजांच्या स्वराज्यात आला, 1818 साली इंग्रजांकडे गेला. गुहेतलं पाणी त्या सगळ्यांनी प्यायलं असणार. ती म्हणाली, "पप्पा, वर्गात असताना असं सांगत नाही तुम्ही." बरोबर होतं तिचं.

एक मात्र सांगतो. हिराच्या गुहेत जे दीड मिनिटात झालं नाही ते इथे झालं. अंधारात, गार पाण्यात उभा राहून मी मनातल्या मनात 'इक्रा'पासूनच्या पाच आयती पढलो. दुसऱ्याच्या देवासमोर पढल्या म्हणून कुणाला राग येईल, दोन्हीकडच्या. मी मूर्तीपुढे झुकलो नाही आणि मूर्तीकडे पाठही केली नाही. अंधारात मला त्या शब्दांची आठवण आली, एवढंच.

वर सपाटी आहे. मारुतीचं मंदिर, पाण्याची तळी, गवतात पडलेली जोती. पीराची कबर साधी, ऊन-पावसाने विटलेली चादर. डबा उघडला. इथे मला माझ्या काही वाचक मित्रांची आठवण झाली, जे दर्ग्यांवर लिहिलं की लांबलचक पत्रं पाठवतात. जबल-ए-नूरचा फलकही आठवला. मी कबरीला हात लावला नाही, नवस बोललो नाही. फातिहा पढलो. दुआ त्या माणसासाठी मागितली, त्याच्याकडे नाही. मलिदा आम्ही दोघांनी खाल्ला आणि उरलेला मारुतीच्या पायरीवर बसलेल्या दोन पोरांना दिला. ती मुंबईहून गड बघायला आली होती. हे काय आहे, असं त्यांनी आधी विचारलं आणि मग डबा पुसून खाल्ला.

कड्यावरून सगळं दिसत होतं. समोर जरंडेश्वराचा डोंगर, लांब अजिंक्यतारा, दुसऱ्या बाजूला चंदन-वंदनची जोडी. वंदनवरही दर्गा आहे, तिकडे अजून गेलो नाही. खाली रेल्वेचा रूळ, त्यावरून मिरजेकडे जाणारी गाडी. मी अम्मीला व्हिडिओ कॉल लावला. रेंज येत-जात होती. तिने गड ओळखला नाही. म्हणाली, झाडं कुठायत? मग फोन कट झाला.

दुपारी घरी पोचलो तेव्हा ती दारातच खुर्ची टाकून बसली होती. पीराचं विचारलं नाही, मारुतीचं नाही.

"गुहेमें पानी कित्ता था?"

मी पायावर हात ठेवून दाखवलं, गुडघ्याच्या खाली.

"इत्ताच?" अम्मी लेकीकडे बघून म्हणाली. "हमारे वक्त में कमरतक था."