न्हाणीतला फवारा

2016 साली घर बांधले तेव्हा न्हाणीत फवारा बसवायला माझा विरोध होता. बादली-तांब्यावर आमच्या तीन पिढ्या न्हाल्या, मग हा शहरी थाट कशाला? पण आत्याबाईंचा उजवा खांदा धरलेला. भरलेला तांब्या डोक्यापर्यंत जाईना. हे म्हणाले, "आईसाठी बसवू." बसवला. त्या स्टुलावर बसत, मी चावी फिरवून देई, की त्यांची अंघोळ कुणाच्या हातावाचून होई.

आमचे सोलापूर जिल्ह्यातले बोअरचे पाणी क्षाराचे. तपेल्याला जसा पांढरा थर धरतो तसाच फवाऱ्याच्या जाळीलाही धरतो. काही भोके बुजतात, उरलेल्यांतून धारा वाकड्या भिंतीवर जातात. पहिल्यांदा असे झाले तेव्हा जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली. बुडबुडे आले, थर सुटला, फवारा नव्यासारखा झाला. पुढे सहा महिने बघावे लागले नाही. नंतर दोन महिन्यांनी, मग पंधरा दिवसांनी तोच उद्योग. एकदा घाईत मी दाभणाने भोके टोकरली. ती मोठी झाली आणि धारा कायमच्या तिरक्या. ही चूक माझी. (फरशीचे अ‍ॅसिड तर मुळीच लावू नये, चकाकी खाऊन टाकते.)

आत्याबाई एक-दोनदा म्हणाल्या, "अगं, डोक्यावर पाणीच पडंना." म्हातारपणाची कुरकूर समजून मी कामाला लागले. मग त्या एक दिवसाआड न्हायला लागल्या. थंडी वाजते म्हणत. वैशाखात कसली थंडी? तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

त्यातच पहाटे टाकीतले पाणी कमी दिसू लागले. चावी कितीही आवळली तरी फवारा टपटपे. मी रात्री दहाला खाली बादली लावली; पहाटे पाचला ती अर्धी भरलेली! 2019 च्या उन्हाळ्यात टँकरपुढे घागरी घेऊन उभी राहिलेली माणसे आम्ही. अर्धी बादली पाहून पोटात कालवले.

नळकाम करणाऱ्या पोराला बोलावले. त्याने आधी जाळी काढली आणि नुसत्या नळीतून पाणी सोडले. धो धो आले. म्हणजे टाकी, पाइप ठीक, दोष जाळीतच. नळीतूनही बारीक धार आली असती तर नवा फवारा आणून पैसे वाया गेले असते. मग चावीचे वायसर बदलले, तरी थेंब चालूच. आत वायसर टेकते ती बैठकच झिजली होती. "आता वायसर बदलत बसू नका काकू," तो म्हणाला. जाळीवरचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटत होता, खाली नुसते प्लास्टिक. मानेशी आटे झिजून पाणी भिंतीत मुरत होते. पलीकडच्या भिंतीवर ओल आली होती आणि तिथेच दिव्याचे बटण. ते पाहून मात्र मी घाबरले.

खरे तर साफसफाई सहा महिन्यांवरून पंधरा दिवसांवर आली तेव्हाच समजायला हवे होते. धुऊन भागत होते तोवर धुतले, ते योग्यच. पण दर खेपेला गुण कमी दिवस टिकू लागला, तिथे वस्तूचे आयुष्य सरले होते. आम्ही बैलाचे वय दातांवरून ओळखतो, आणि घरातल्या फवाऱ्याचे ओळखता आले नाही!

जुना फवारा आणि चावी पिशवीत घालूनच दुकानात गेलो, म्हणजे आटे जुळायला अडचण नको. नव्याच्या भोकांना मऊ रबरी बोंडे आहेत. अंगठ्याने चोळले की क्षार भुगा होऊन पडतो. आठवड्याला नात ते काम करते. भिंत वाळेपर्यंत ते बटण बंद ठेवले, मग वायरमनकडून हलवून घेतले.

नवा बसवला त्या दिवशी आत्याबाई बराच वेळ बाहेर येईनात. मी दाराशी जाऊन हाक मारली.

"थांब गं जरा," आतून आवाज आला, "केस धुतीया."

पाणी जपून वापरा, हे रोजचे वाक्य त्या दिवशी मी गिळले.