वाळूतला पहिला शॉट

गोल्फ म्हणजे बॉसलोकांचा खेळ, असंच मलाही वाटायचं. मग आखातात वाळूच्या कोर्सवर खेळलो! उन्हाचं काय, 2013 च्या मेमध्ये आपल्या नागपूरने 47.9 अंश सोसलेत. तरी जायचं ते डिसेंबर-जानेवारीतच. इथे हिरवळ नाही. खांबांनी आखलेल्या फेअरवेवर चेंडू पडला, की त्याखाली कृत्रिम गवताचा तुकडा ठेवायचा आणि मारायचं. प्रत्येक वेळी सपाट जागा, म्हणजे नवशिक्यांची चंगळच! होलभोवती तेल मिसळलेली वाळू, तिला म्हणतात 'ब्राऊन'. पटिंग झालं, की पायांचे ठसे आपणच पुसायचे. 1988 मध्ये दुबईत एमिरेट्स क्लबचा हिरवा कोर्स आला. पण हिरवळ पाणी पिते, वाळू नाही. नऊ होल पूर्ण केले बे! बॉसला सांगायचं की नाही, तेवढं ठरायचंय.