सुईची धमकी

मूल जेवत नसले, ऐकत नसले की आपण काय म्हणतो? "थांब, डॉक्टरकडे नेऊन सुईच टोचायला लावतो." मीही म्हणायचो. मी कार्यालयात कारकून. रविवारी वस्तीत आरोग्य शिबिरे भरवतो, दात तपासायला डॉक्टर बोलावतो आणि घरात मात्र ही भाषा! त्याची किंमत आमच्या ८ वर्षांच्या धाकटीने मोजली.

गेल्या वर्षी तिची खालची दुधाची दाढ किडली. जवळच्या एका दवाखान्यात नेले. डॉक्टर तिला म्हणाले, "काही करत नाही, नुसते बघतो." मला हळूच म्हणाले, हात घट्ट धरा. मी धरले. तिने सुई पाहिली आणि असा आकांत केला की शेवटी डॉक्टरांनीच नाद सोडला. त्या दिवसापासून ती माझ्यासमोर तोंड उघडेना. दुखले तरी सांगायची नाही, एका बाजूने चावायची. सौ.ला कळले ते गाल सुजला तेव्हा.

त्याच सुमारास एका दवाखान्याची पाटी दिसली, 'सुईविना भूल'. खर्च ऐकून मी गप्पच झालो. पण उसनवारी करू, मुलीला पुन्हा सुई दाखवायची नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले. त्याआधी एकदा विचारून यावे म्हणून अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून तिला सरकारी दंत महाविद्यालयात मुलांच्या विभागात नेले.

तिथल्या मॅडम म्हणाल्या, पाटी खोटी नाही. तसे यंत्र असते. स्प्रिंगच्या किंवा वायूच्या जोराने औषधाची केसाएवढी बारीक धार हिरडीत शिरते. फट्कन आवाज होतो, त्यानेही काही मुले दचकतात. वरच्या जबड्याचे हाड पातळ असते, तिथे औषध झिरपते आणि दात बधिर होतो. पण खालच्या दाढेची नस पार मागे जबड्याच्या हाडात शिरते. तिथवर ही धार पोहोचत नाही. म्हणजे उसने पैसे देऊनही शेवटी सुई लागण्याचीच शक्यता जास्त! अमेरिकेत २०१६ साली नाकात मारायच्या भुलीच्या फवाऱ्याला मंजुरी मिळाली होती, असे मी नंतर वाचले. तोही वरच्याच दातांसाठी आणि निदान ४० किलो वजन असेल तर. आमची धाकटी २२ किलोची.

औषधांनी सूज उतरल्यावर दाढ काढायची ठरली. त्या दिवशी मॅडमनी मला धाकटीचे हात धरू दिले नाहीत. तिला खुर्ची वर-खाली करून दाखवली. म्हणाल्या, "आधी हिरडीला मलम लावते, चव कडू आहे. मग चिमटा काढल्यासारखे होईल. दुखले तर डावा हात वर कर, मी थांबेन." हिरडी कापसाने कोरडी करून लिग्नोकेनचे जेल लावले आणि चांगली दोन मिनिटे वाट पाहिली. (ते औषध स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झाले. आपल्या लहानपणी ते होतेच, नव्हती ती ही दोन मिनिटे.) मग इंजेक्शन, अगदी सावकाश. तिने एकदा हात वर केला. मॅडम खरोखर थांबल्या. दुसऱ्यांदा हात वर गेला नाही. दाढ निघाली तेव्हा ती छताकडे बघत होती.

हे जेल औषधाच्या दुकानातून आणून घरी लावावे का, असे शेजारी विचारतात. लावू नये. बाळाला दात येताना लावतात त्या बेंझोकेनच्या जेलबद्दल तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली स्पष्ट इशारा दिला आहे, २ वर्षांखालील बाळाला नकोच. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्याने धोकादायक रीतीने कमी होऊ शकते.

निघताना मॅडमनी बजावले, ओठ दोन-तीन तास बधिर राहील, मूल तो चावून जखम करते, लक्ष ठेवा. म्हणून दुपारभर मी तिच्यासमोरच बसून होतो. ती आरशात बघून म्हणत होती, "बाबा, माझा ओठ झोपलाय." साडेतीनला ओठ जागा झाल्याचे तिने सांगितले आणि गार दूधभात मागितला.