टेबलावरचे सुखोई

कुंभकोणमजवळच्या तिरुक्करुगावूरला गर्भरक्षांबिकेचे देऊळ आहे आणि तिथून थोड्या अंतरावर तंजावरचा हवाई तळ. 20 जानेवारी 2020 रोजी त्या तळावर सुखोई-30 एमकेआयची 222 क्रमांकाची तुकडी दाखल झाली. ही विमाने आपल्या नाशिकजवळच्या ओझरला जुळवली जातात. मग तिथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी घरातल्या मुलाला त्यांचे वेड न लागले तरच नवल!

वाढदिवसाला 1:72 प्रमाणाचा संच घरात येतो. 22 मीटरचे विमान जेमतेम 30 सेंटिमीटरचे! वडिलांना वाटते, रविवारी दुपारी होऊन जाईल. होत नाही. इथली एका मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या विमानावर 7 सेंटिमीटर. घाईत गोंद सांडला, की वैमानिकाच्या डोक्यावरची काच धुरकटते. नाकात शिसे भरायचे राहून धड चिकटले, तर विमान चक्क शेपटीवर बसते. अभ्यासाला दहा मिनिटे न टिकणारा मुलगा मात्र पॉलिश पेपर घेऊन तासभर सांधा घासतो.

शेवटी पोटाखाली ब्राह्मोस लावायचे. खरे अडीच टनांचे, हे पेन्सिलीएवढे. वडील रंगाची बाटली हलवत, मुलाच्या पुढच्या हुकमाची वाट पाहत बसलेले असतात.