कुड्याचें फूल

फिनलंडनें आपलें राष्ट्रीय पुष्प म्हणून एक लहानसें रानफूल निवडलें आहे. इंग्रजी काव्याच्या वाचकांस तें 'लिली ऑफ दि व्हॅली' या नांवानें परिचित असेल. वनाच्या सावलींत वाढणारें, इवल्या पांढऱ्या घंटांचें हें रोप अति सुगंधी, आणि तितकेंच विषारी. तरीही युरोपांत तें हौसेनें बागेंत लावतात. फ्रान्समध्यें १ मे रोजीं स्नेही एकमेकांस त्याची जुडी देतात. आम्ही वर्षानुवर्षें तें फूल वर्गांत शिकविलें. डोळ्यांनीं मात्र कधीं पाहिलें नाहीं. त्याची खंतही वाटली नाहीं.

खंत वाटली ती कुड्यामुळें. कळव्यास बिऱ्हाड केल्यावर एका वैशाखांत पारसिकच्या डोंगरावर गेलों असतां पांढऱ्या फुलोऱ्याचा मंद सुवास आला. लाकडें वेंचणाऱ्या एका म्हातारीस आम्ही झाडाचें नांव विचारलें. "कुडा हाय. तुमाला कुडा ठावा नाय?" ती म्हणाली. घरीं येऊन कोश उघडला, तों कुडा म्हणजेच कुटज! मेघदूतांतील यक्षानें मेघास अर्घ्य दिलें तें याच फुलांचें. आणि लहानपणीं आजीनें आमांशावर पाजलेला कडू कुडेपाळही याचाच. श्लोक पाठ होता, कडूपणा जिभेवर होता; झाड तेवढें अनोळखी!

पुढें मोहानें एक रोपटें उपटून आणलें. तें आठ दिवसांत वाळलें. शरमून मग जोडशेंगांतील रेशमी तुऱ्याचें बीं आणून अंगणांत पेरलें.

आपल्या राज्याचें पुष्प ताम्हण. महाराष्ट्रदिनाच्या सुमारास तें जांभळें फुलतें व आतां रस्तोरस्तीं लावलें जातें. तो मान योग्यच आहे. पण सुवासासाठीं त्याची ख्याति नाहीं. कुड्यास कोणी मान दिला नाहीं. डोंगराच्या उतारावर घरें चढत आहेत. माणसांस निवारा हवा, हें आम्ही कसें नाकारावें? परंतु ज्याचें नांवच कोणास ठाऊक नाहीं, तें झाड तुटलें तर हळहळणार कोण?

पांचव्या वर्षीं आमचा कुडा फुलला. यंदां जूनांत प्रथम तीं फुलें वर्गांत फिरविलीं, मग कविता उघडली. शहापूरकडील एक विद्यार्थी संकोचानें म्हणाला, "सर, आमच्याकडे याची भाजी करतात."

तेवढें मात्र आमच्या कोशांत नव्हतें.